‘एक्सक्लुझिव्ह बीट’च्या नावाखाली आम्हाला काय विकलं गेलं ते वाचा

घरी माईक आणि इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घेऊन नुकतीच गाणी करायला लागलेल्या सगळ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. गणपती जवळ आले की ‘ढोल-ताशा ट्रॅप, एक्सक्लुझिव्ह, फुल राइट्स’ अशा जाहिराती इन्स्टावर धो धो यायला लागतात, तशाच एका माणसाकडून आम्ही बीट, म्हणजे गाण्यामागचं तयार संगीत, ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणजे फक्त आमचंच म्हणून घेतलं, 6,500 रुपये गेले आणि गाणंही हातचं गेलं. पैशापेक्षा गाण्याचं जास्त लागलंय.

माझा मावसभाऊ रॅप लिहितो, मी हूक, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळी, गाते. सेटअप साधाच, स्कार्लेट सोलो, एक कंडेन्सर माईक, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, आणि मागे दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या. एवढ्यावर आवाज खरंच छान येतो, पंखा बंद केला आणि माईकला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण दाबलं की काम सुरू. गाडी अडते ती बीटपाशी. बीट बनवायला शिकायला वेळ लागतो, सण मात्र तारखेला येतो, आणि या लोकांना ते बरोबर माहीत असतं.

त्या माणसाचं वागणं एकदम गोड. भाऊला ‘भावा’, मला ‘ताई’, आधी 30 सेकंदाचा प्रिव्ह्यू, मग एफएल स्टुडिओ या बीट बनवायच्या सॉफ्टवेअरचा रंगीत स्क्रीनशॉट, मग ‘अजून दोन पार्ट्या मागतायत ताई, पण गाणं तुमचंच शोभेल’. जीपेवर पैसे गेले आणि ड्राइव्हची लिंक आली. आत एक वेव्ह फाईल (पूर्ण दर्जाचा आवाज), स्टेम्सचं, म्हणजे वाद्यांच्या वेगवेगळ्या ट्रॅकचं, फोल्डर आणि सोनेरी बॉर्डरचं एक सर्टिफिकेट, त्यावर मोठ्या अक्षरात ‘एक्सक्लुझिव्ह ओनरशिप’, पण खाली ना त्याचं पूर्ण नाव ना सही, फक्त पेजचा लोगो.

गाणं झालं, मंडळाच्या पोरांनी व्हिडिओ शूट करून दिला, चतुर्थीच्या आधी यूट्यूबवर टाकलं आणि लगेच कॉपीराइट क्लेम, म्हणजे यातलं संगीत आमचं आहे असा दुसऱ्याचा दावा. क्लेममध्ये एका परदेशी रॅपरचं गाणं दाखवत होतं. ते लावलं तर बासरीची तीच धून, तेच ड्रम, फक्त अर्धा सूर खाली आणि ढोल-ताशा नाही. आमची फाईल रीपरमध्ये एक सेमिटोन, म्हणजे अर्धा सूर, खाली आणून गाणी ओळखणाऱ्या शझॅम अ‍ॅपला ऐकवली तर त्यानं लगेच ते गाणं ओळखलं. म्हणजे यानं काय केलेलं, दुसऱ्याच्या बीटचा पिच अर्धा सूर वर सरकवला, त्यावर तयार ढोलाचा लूप चढवला आणि आम्हाला विकला. तिसऱ्या हूकच्या आधी हेडफोन लावून ऐकलं तर मागे एक विरघळल्यासारखा बाईचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. तो मूळ प्रोड्युसरचा टॅग, म्हणजे बीट आपलं आहे हे कळावं म्हणून घातलेली हाक, सॉफ्टवेअरनं काढायचा प्रयत्न केला तरी त्याचा गाळ खाली राहिलेला.

मग फोल्डर नीट बघितलं. स्टेम्स म्हणून चारच फाइल्स होत्या, व्होकल्स, ड्रम्स, बेस आणि अदर. आता तुम्ही सांगा, बीट ज्यानं स्वतः बनवलंय तो स्वतःच्या बासरीला ‘अदर’ का म्हणेल? आणि इन्स्ट्रुमेंटलमध्ये व्होकल्सची फाईल येते कुठून? ही विभागणी एआयवाल्या स्टेम वेगळं करणाऱ्या सॉफ्टवेअरची असते. खऱ्या प्रोजेक्टमधून ट्रॅक काढले तर किक वेगळा, स्नेअर वेगळा, हॅट (ड्रमची छोटी झांज), 808 चा बेस, प्रत्येक मेलडी वेगळी, दहापंधरा फाइल्स सहज होतात, आणि बेसची फाईल सोलो केली, म्हणजे एकटीच वाजवली, तर मागून हॅटची चुळबुळ ऐकू येत नाही. आमच्यात येत होती.

वेव्हचंही तेच. 44.1 किलोहर्ट्झ, 24 बिट स्टिरिओ, साडेतीन मिनिटांची फाईल म्हणजे साधारण 55 एमबी, तेवढी ती होती, त्यामुळे बघताना सगळं बरोबर वाटतं. पण एमपीथ्री, म्हणजे आवाज कापून लहान केलेली फाईल, वेव्हमध्ये बदलली तरी साइझ तेवढीच वाढते, गेलेला आवाज परत येत नाही. हे बघायला ऑडॅसिटी पुरते, फुकट आहे. फाईल उघडायची, ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या बारीक-जाड सुरांचं रंगीत चित्र, निवडायचा. चांगल्या वेव्हमध्ये हॅट आणि झांजेचा रंग वर 20 किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत पसरलेला दिसतो. आमच्या फाईलमध्ये 16 किलोहर्ट्झच्या वर सुरीनं कापल्यासारखं सपाट काळं होतं, आणि तिथं कापलं जाणं ही 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीची नेहमीची खूण. गंमत म्हणजे नंतर चढवलेला ढोल तेवढा वरपर्यंत जात होता. पैसे द्यायच्या आधी कुणी अख्खी फाईल देत नाही हे कळतं, पण एखाद्या स्टेमचे दहा सेकंद वेव्हमध्ये मागा. ज्याच्याकडे खरा प्रोजेक्ट आहे त्याला ते काढायला मिनिटसुद्धा लागत नाही.

स्क्रीनशॉटवर तर अजिबात जाऊ नका. व्हिडिओ कॉलवर प्रोजेक्ट उघडायला सांगा आणि एकेक चॅनल सोलो करायला लावा. बासरी सोलो कर, आता तिच्यातला एक नोट हलवून दाखव. जो बनवणारा आहे तो उलट खूश होऊन दाखवेल.

सर्टिफिकेटचं तर फार वाईट वाटलं, कारण आम्हाला तो कागद भक्कम वाटत होता. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं आणि देणाऱ्याची सही लागते, कुठलं काम, कुठले हक्क, किती मुदतीसाठी, कुठल्या भागासाठी हे त्यात यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षंच धरतात आणि भाग लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हे सुद्धा की प्रामाणिक माणसानं एक्सक्लुझिव्ह विकलं तरी त्याआधी त्याच बीटची लीज, म्हणजे नुसती वापरायची परवानगी, कुणाकुणाला दिली असेल तर ती गाणी साधारणपणे चालूच राहतात, म्हणून ‘आधी किती लीज दिल्यात’ हे विचारून कागदावरच घ्या. आमच्या केसमध्ये तर जे त्याचं नव्हतंच ते त्यानं विकलं, त्यामुळे त्यानं सही केली असती तरी हक्क मिळाले नसते, पण निदान खरं नाव तरी हातात आलं असतं.

क्लेम आल्यावर त्याला मेसेज केला तर म्हणाला, ‘ताई नॉर्मल आहे, व्हाइटलिस्टिंगचे दोन हजार लागतील.’ म्हणजे आमचं चॅनल क्लेममधून वगळायचे. हे देऊ नका. ज्याचा क्लेम आहे तोच तो मागे घेऊ शकतो, मधल्या माणसाच्या हातात काही नसतं. आम्ही नाही म्हटल्यावर ब्लॉक. यूट्यूबवर डिस्प्यूट करायचा पर्याय असतो, समोरच्याला उत्तराला 30 दिवस मिळतात, पण आम्ही केला नाही. मूळ बीट आमचं नाही हे कळल्यावर त्या परदेशी रॅपरशी भांडणार कुठल्या तोंडानं, त्याचीही वस्तू या माणसानं चोरलेलीच ना. गाणं काढून टाकलं. भावानं त्यात आमच्या आजोबांवर चार ओळी लिहिल्या होत्या, मंडळाची पहिली मूर्ती त्यांनी हातगाडीवरून आणलेली, आणि त्या ओळींवर हॉलमध्ये सगळे रडले होते. संताप होतो तो याचा.

पैशासाठी 1930 ला फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. यूपीआयचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा नंबर), चॅट, लिंक, सर्टिफिकेट सगळं लागतं, म्हणून रागात चॅट डिलीट करू नका, आणि ड्राइव्हमधलं तेव्हाच डाउनलोड करून ठेवा, आमची लिंक त्यानं दोन दिवसांत बंद केली. पैसे अजून आलेले नाहीत, तक्रार चालू आहे.

व्होकल्स आमचेच आहेत, ते रीपरमध्ये तसेच पडलेत. आता त्याच टेम्पोवर बीट आम्हीच बसवतोय, एलएमएमएस या बीट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पथकातल्या एका दादानं ताशा घरी येऊन वाजवून दिला. गोधड्यांच्या मधे ताशा एवढा जोरात वाजतो की गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवायचं बटण, जवळजवळ शून्यावर आणावा लागला, पण रेकॉर्डिंग स्वच्छ आलंय. ज्यांनी यंदा कुणाकडून ढोल-ताशा ट्रॅप विकत घेतलंय त्यांनी अपलोड करायच्या आधी फाईल एक सेमिटोन वर आणि एक सेमिटोन खाली करून शझॅमला ऐकवून बघा, आणि फोल्डरमध्ये ‘अदर’ नावाची फाईल आहे का तेही बघा.