सूक्ष्मदर्शक आणि ग्रॅम अभिरंजन संच : काजूच्या हंगामापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयात अंबाल्याला बनलेला द्विनेत्री सूक्ष्मदर्शक आणि चार बाटल्यांचा ग्रॅम अभिरंजन संच (जिवाणू रंगवून त्यांच्या पेशीभिंतीचा प्रकार ओळखण्याचा संच) काजूच्या हंगामाआधी आला. किमतीच्या मानाने सूक्ष्मदर्शक उत्तम आहे. ऑइल इमर्शनचे (काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकून वापरायचे) भिंग नेत्रभिंगासह 1000 पट वर्धन देते आणि दह्यातील गोलाणूंच्या साखळ्या त्यातून सुटसुटीत दिसतात. काचपट्टी सरकवणारी यंत्रणा मात्र सैल पडते व तिचा स्क्रू वरचेवर आवळावा लागतो.

खरा कस लागतो तो अभिरंजनात. हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी 1884 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत क्रिस्टल व्हायोलेट हा रंग आणि आयोडीन यांचा जांभळा संयुग पेशीत अडकतो. पेप्टिडोग्लायकन या जाळीसारख्या द्रव्याच्या जाड भिंती तो अल्कोहोलच्या धुण्यातही धरून ठेवतात, पातळ भिंती तो सोडतात आणि नंतर लावलेल्या सॅफ्रानिन या रंगाने गुलाबी होतात. अल्कोहोलचे काही सेकंद कमी-अधिक झाले की निकाल उलटतो. संचासोबतच्या पत्रकात याचा जेमतेम उल्लेख आहे, हे मला गंभीर उणेपण वाटते. म्हणून प्रत्येक काचपट्टीवर अनोळखी नमुन्याच्या एका बाजूला ताज्या दह्याचा आणि दुसऱ्या बाजूला माडाच्या व्हिनेगरवरील सायीचा लेप द्यावा. दह्यातील जिवाणू जांभळे आणि व्हिनेगरातील अ‍ॅसिटिक आम्ल बनवणारे दंडाणू गुलाबी दिसले, तरच मधल्या नमुन्याच्या रंगावर विश्वास ठेवावा. ताजेपणाची अट महत्त्वाची आहे, कारण जुन्या पेशींच्या भिंती कमकुवत होऊन मुळात जांभळे असणारे जिवाणूही गुलाबी दिसू लागतात.

काजूच्या बोंडूंच्या आंबलेल्या रसातील यीस्ट जांभळे आणि जिवाणूंहून कितीतरी मोठे दिसते; त्याला फुटलेले कोंब विद्यार्थी लगेच ओळखतात.

मला सर्वाधिक शिकवले ते पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या मिठागरातील लालसर पाण्याने. तेथील अतिक्षारप्रिय सूक्ष्मजीव साध्या पाण्याचा स्पर्श होताच फुटतात, आणि नेहमीच्या पद्धतीने केलेल्या लेपात नुसता चोथा उरतो. लेप हवेत वाळवून 2 टक्के अ‍ॅसिटिक आम्लात काही मिनिटे ठेवला, की पेशी टिकतात, मीठ निघून जाते आणि मग अभिरंजन करता येते. त्यांतील अनेक पेशी गुलाबी दिसतात, पण त्यामुळे त्यांना व्हिनेगरातील दंडाणूंचे सोयरे मानता येत नाही: त्यांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नसतेच, आणि कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये रायबोसोमच्या (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या कणांच्या) आरएनएच्या आधारे अशा जीवांचा वेगळा गट मांडला. रंग भिंतीची जात सांगतो, कुळ सांगत नाही; हा संच घेणाऱ्याने त्याच्याकडून प्रजातीच्या नावाची अपेक्षा ठेवू नये.

पावसाळ्यात दोन पथ्ये पाळावी लागतात. दमट हवेत लेप वाळायला फार वेळ लागतो, तरी ओला लेप ज्योतीवर धरू नये, कारण पेशींचा आकार बिघडतो. भिंगांना बुरशी लागू नये म्हणून सूक्ष्मदर्शक ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद पेटीत ठेवावा, इमर्शन तेल दर वेळी भिंगाच्या कागदाने टिपावे, आणि जेलचा रंग पालटला की ते गरम करून पुन्हा वापरावे.