"आधी घर दाखवा, ताई"

चौथ्यांदा पैसे पाठवून झाले तेव्हा माझी बहीण म्हणाली, "सगळं ठीक आहे गं, पण मांजर कुठाय?"

खिडक्यांना जाळ्या लागल्या होत्या. लिटरचे, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या वाळूचे, दोन ट्रे आले होते, नखं घासायचा खांब आला होता, पलंगाखालच्या फटी बंद झाल्या होत्या. मांजर उद्या येणार होतं. सव्वा महिना ते उद्याच येत होतं.

आमची चिंगी गेली ती तीन दिवसांत. पहिल्या दिवशी नुसत्या उलट्या. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसली, पण पाणी काही पिईना. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. पॅनल्युकोपेनिया, विषाणूने होणारा आजार, बोलताना लोक त्याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात. चिंगी कधी दाराबाहेर गेली नव्हती, म्हणून मी लस पुढे ढकलत राहिले होते. डॉक्टरांनी लसीचं विचारलं तेव्हा मी टेबलाकडे बघत बसले. हा विषाणू चपलेच्या तळव्याला चिकटूनही घरात येतो, हे मला त्या दिवशी कळलं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढे जी बाई भेटली (बाई होती की बाप्या, देव जाणे) तिने बरोबर याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं.

तिच्या आधी एक खरी बाई भेटली होती. टाकून दिलेली मांजरं सांभाळून चांगल्या घरी देणारी. तिला मी फोन केला, चिंगीचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पिल्लू नाही देणार मी तुम्हाला. हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो. घर नीट धुऊन घ्या, काही महिने जाऊ द्या, मग लसी पूर्ण झालेलं मोठं मांजर बघू." मला राग आला. मी माझं दुःख सांगतेय आणि ही मला नियम ऐकवतेय! मी फोन ठेवला तो तडकच.

आणि त्याच आठवड्यात ती दुसरी सापडली. जाहिरातीत एक तिरंगी पिल्लू, पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी ठिपके, आणि खाली ओळ: विकायचं नाही, पण कुणालाही द्यायचंही नाही. मी किंमत विचारली, त्यावर उत्तर आलं, "किंमत कसली? आधी घर दाखवा, ताई."

इथेच मी अडकले. आजवर मला फसवणारा म्हणजे काहीतरी गळ्यात मारणारा माणूस वाटायचा. ही तर माझीच परीक्षा घेत होती. आणि परीक्षा द्यायला बसलेला माणूस परीक्षकाचं ओळखपत्र मागत नाही. रोज रात्री तिचे प्रश्न यायचे. खिडकी उघडी राहते का? जाळी ओढून बघितली का? फुलदाणीत लिली असते का? शिवणाचा दोरा, रबरबँड कुठे ठेवता? मी रोज फोटो पाठवायचे. तिचे शेरे यायचे: "छान. पण तो डावा कोपरा बघा."

तिचे बरेचसे सल्ले खरेच होते, हीच तर गोम. लिलीची पानं, फुलं, परागकण, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी निकामी करतं. गिळलेला दोरा आतड्यात अडकतो. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त असावा. नवीन मांजराला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावं आणि तिथे लपायला जागा द्यावी. हे कुठेही वाचायला मिळतं आणि तिनेही कुठेतरी वाचलंच असणार. पण मला वाटलं, एवढं बारकाईने बघणारी बाई लबाड कशी असेल?

मध्येच तिने "आमच्याकडची पिल्लं गेली ती घरं" म्हणून पाच-सहा फोटो पाठवले. जाळी लावलेली बाल्कनी, खिडकीतलं मऊ अंथरूण, ओळीने मांडलेल्या स्टीलच्या वाट्या. मला मनातून जरा कमीपणाच वाटला. दुसऱ्या दिवशी मी नवीन अंथरूण आणलं.

मग चिंगी कशाने गेली ते तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, न दिलेल्या लसीसकट. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग मेसेज आला: "ताई, तुमच्या घरात विषाणू आहे. असं पिल्लू पाठवलं तर पाप लागेल मला. आमचं विषाणूमुक्ती किट आहे, ते वापरलंत तरच पुढे बोलू."

पहिले पैसे गेले ते किटचे. किट आलंसुद्धा! म्हणूनच तर विश्वास बसला. दोन बाटल्या, एक हातमोज्यांचा जोड आणि सोनेरी कडांचं एक प्रमाणपत्र, ज्यावर आपणच आपल्या घराचा पत्ता लिहायचा. घरभर फुलांचा वास सुटला. मी प्रमाणपत्राचा फोटो काढून पाठवला. हसू नका, मी त्यावर सहीसुद्धा केली होती.

पुढे डॉक्टरांनी ती बाटली उलटून मागचं लेबल वाचलं. लादी पुसायच्या साध्या औषधांत असतात तसलेच क्षार होते, आणि या जातीच्या विषाणूवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. अल्कोहोलचाही नाही. फिनेलसारख्या पदार्थांचा प्रश्न वेगळाच. त्यांच्यातली फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, म्हणजे विषाणूऐवजी मांजरच आजारी. कामाला येतं ते साधं ब्लीच. एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, रोज नवीन कालवलेलं, आणि पृष्ठभाग किमान १० मिनिटं ओला राहिला पाहिजे. त्याआधी सगळं साबणाने घासून काढायचं, कारण मळ असेल तिथे ब्लीच फुकट जातं, आणि लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू होतो. नंतर स्वच्छ पाण्याने पुसायचं, वाळवायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या. आणि जे असं धुता येत नाही, म्हणजे पुठ्ठ्याची खोकी, गालिचा, दोरी गुंडाळलेला जुना खांब, ते टाकून द्यायचं. चिंगीचा खांब मी टाकला नव्हता. त्यावर फुलांचा वास मारून ठेवला होता.

दुसरे पैसे अनामत म्हणून. "पिल्लू तुमच्या नावाने ठेवलं, आता दुसऱ्याला नाही म्हणते." तिसरे प्रवासाच्या पेटीचे. पेटी परत पाठवली की पैसे परत, असं ठरलं. त्यानंतर चौथे: पिल्लाला वाटेत ताप आला, मधल्याच एका दवाखान्यात ठेवलंय, सलाईन लावलंय. बघा, तिला काय माहीत होतं. चिंगीला सलाईन लावलेलं मीच तिला सांगितलं होतं. मी डोळे पुसत पैसे पाठवले. नंतर हिशेब केला तर प्रत्येक वेळची रक्कम आधीच्या वेळेपेक्षा मोठी होती आणि मागणी दरवेळी रात्री दहानंतर आली होती.

बहिणीने फोन हातात घेतला आणि अर्ध्या तासात सगळं उसवलं. तिला मांजरांचं फार काही कळत नाही, पण हिशेब कळतो.

आधी लसीचं कार्ड. पिल्लू नऊ आठवड्यांचं, असं बाई सांगत होती. कार्डावरच्या तारखेप्रमाणे रेबीजची लस चार आठवड्यांपूर्वी दिलेली. म्हणजे पाचव्या आठवड्यात! रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांच्या आधी देत नाहीत. पॅनल्युकोपेनियाची पहिली लससुद्धा ६ ते ८ आठवड्यांत सुरू होते आणि दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत, पुन्हा द्यावी लागते. खऱ्या कार्डावर लसीच्या कुपीवरचा स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर बॅच क्रमांक असतो. या कार्डावरचा स्टिकर नेमका तेवढाच धूसर. मी तो आधी पाहिला होता. फोटो हलला असेल म्हणाले होते.

मग बहिणीने विचारलं, "बोका आहे की मांजरी?" बोका, मी म्हटलं. महिनाभर बाई "आपला बोका, आपला बोका" करत होती. बहिणीने तेच डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. काळा की नारिंगी हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग एकाच अंगावर यायचे तर दोन एक्स लागतात, आणि ते मादीत असतात, म्हणजे तिरंगी मांजर ही जवळजवळ नेहमी मादीच. तिरंगी बोका साधारण ३००० तिरंगी मांजरांत एखादा निघतो. बाईने फोटो एकीकडून उचलला होता आणि गोष्ट दुसरीकडून. तो फोटो इंटरनेटवर टाकून आणखी कुठे आहे ते शोधलं तर तीन वेगळ्या जाहिरातींत, तीन वेगळ्या नावांनी तेच पिल्लू बसलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते डॉक्टरांचं पुढचं वाक्य. ते म्हणाले, "अहो, ज्या घरात नुकतंच पार्व्होने मांजर गेलं, तिथे लसी पूर्ण न झालेलं पिल्लू कुणी जाणता माणूस देणारच नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि लस अजून पुरती लागू पडलेली नसते. त्या मधल्या काळात पिल्लू उघडं असतं." म्हणजे जिने मला तोंडावर नाही म्हटलं तीच खरी होती. ही दुसरी मात्र कधीच नाही म्हणाली नाही. तिचं फक्त "एवढं झालं की झालंच" चालू होतं.

आम्ही पैसे थांबवले तेव्हा तिचा सूर बदलला. ताईची "मॅडम" झाले. पिल्लू दवाखान्यात सोडून दिल्याबद्दल माझ्यावर प्राणिक्रूरतेचा गुन्हा दाखल होईल, माझ्या घराचे फोटो आणि पत्ता तिच्याकडे आहेच. पत्ता होताच, त्या सोनेरी प्रमाणपत्रावर माझ्याच अक्षरात. दोन रात्री मला झोप नाही. काही झालं नाही. तुम्हालाही अशी धमकी आली तर उत्तर देत बसू नका आणि चिडून मेसेज पुसूनही टाकू नका. बँकेत आणि पोलिसांकडे दाखवायला तेच लागतात. मी त्याच दिवशी बँकेला कळवलं म्हणून शेवटची रक्कम अडली. आधीच्या तीन गेल्या त्या गेल्या.

लोक आता विचारतात, ओळखायचं कसं? मी एवढंच करते: समोरच्याने माझं घर बघायला मागितलं की मीही त्याचं मागते. जाऊन बघते. अंतर फारच असेल तर व्हिडिओ कॉल, आणि तोही पिल्लाशेजारी मी सांगेन तो शब्द कागदावर लिहून ठेवायला लावून. कार्डावरच्या दवाखान्याला फोन करते, पण कार्डावर छापलेल्या नंबरवर नाही. तो नंबर मी वेगळा शोधून काढते. मी त्या बाईला एकदा म्हटलं होतं व्हिडिओ कॉल करू या का. ती म्हणाली, "पिल्लू घाबरतं ताई, फ्लॅशने." व्हिडिओ कॉलला फ्लॅश नसतो. मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, बरं बरं, झोपू दे त्याला.

सात महिन्यांनी मी त्या पहिल्या बाईला पुन्हा फोन केला, आधी माफी मागितली. तिनेही घर बघितलं, पण स्वतः येऊन, आणि त्याआधी तिच्याकडे बोलावून मला तिची सगळी मांजरं दाखवली. आता माझ्याकडे तीन वर्षांची एक करडी मांजरी आहे. लसी पूर्ण झालेली, एक कान फाटका, नव्या अंथरुणाकडे ढुंकूनही न बघणारी. ते ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलं, त्या खोक्यात झोपते.

आणखी एक गोष्ट, जी मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. ती बाई अजून धंदा करतेय का ते बघायला माझ्या मैत्रिणीने मध्यंतरी तिला दुसऱ्या नंबरवरून मेसेज केला. तिलाही आलं, "आधी घर दाखवा, ताई." चार दिवसांनी तिलाही फोटो आले, आमच्याकडची पिल्लं गेली ती घरं. मैत्रिणीने ते मला पुढे पाठवले. तिसरा फोटो माझ्या खिडकीचा होता. डाव्या कोपऱ्यात जाळी निळ्या दोरीने बांधलेली, कारण तो कोपरा तिनेच मला दुरुस्त करायला लावला होता.

मग मी माझ्या फोनमधले ते जुने पाच-सहा फोटो पुन्हा उघडले. बाल्कनी, अंथरूण, ओळीने मांडलेल्या वाट्या. एकाही फोटोत मांजर नव्हतं.