फ्रॅटर्निटीच्या करारातलं सातवं पान

2023 च्या ऑगस्टमध्ये मी साताऱ्याहून अमेरिकेत शिकायला गेलो. तिसऱ्याच आठवड्यात एका फ्रॅटर्निटीत शिरलो आणि डिसेंबरच्या आत बाहेर पडलो. तेवढ्यात साडेतीन लाखांच्या आसपास गेले, तेही बाबांनी फेडायच्या कर्जातले. ज्यांची मुलं बारावीनंतर तिकडे निघाली आहेत त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं लिहितोय.

फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाने चालणारी मुलांची संघटना. तिचं स्वतःचं घर असतं, विधी असतात, देशभर शाखा असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत 'रश' चालतो, म्हणजे नवी मुलं निवडायचा काळ. फुकट जेवण, खेळ, गप्पा. मी एकुलता एक. तिथे प्रत्येक नव्या मुलाला एक 'बिग ब्रदर' मिळतो हे ऐकून मला खरंच वाटलं, परक्या देशात आपल्याला दादा मिळाला. खर्च विचारला तर म्हणाले, सेमिस्टरला 700 डॉलर.

मग 'बिड' आली, म्हणजे निवड झाल्याचं आमंत्रण. रात्रीचे अकरा वाजले होते, गाणी जोरात लागलेली, चाळीस पोरं माझ्या नावाने ओरडत होती. कुणीतरी हातात टॅब दिला आणि म्हणालं, इथे सही कर. मी बोटाने पान वर सरकवत गेलो आणि सही केली. कागद माणूस हरखलेला असतानाच पुढे करतात, हे मला नंतर कळलं.

पहिलं बिल आलं 1,440 डॉलरचं. 700 वर नवीन सदस्याचे 350, विम्याचे 240 आणि घराच्या देखभालीचे 150. मी भरले. आता आत आलोच आहे, वाद कशाला घालायचा, असं वाटलं.

आत काय चाललं होतं तेही सांगतो. रात्री तळघरात एक पेटलेली काडी हातात द्यायचे आणि ती विझायच्या आत ग्रीक मुळाक्षरं म्हणायला लावायचे. चुकलं की दुसरी काडी. माझ्या अंगठ्याला आणि तर्जनीला फोड आले होते. व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं तर तवा लागला म्हणून सांगितलं. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, कॉलेजात त्याच्या पाट्या बघतच आपण मोठे होतो. तरी मी ते ओळखलं नाही, कारण तिथे सगळे त्याला परंपरा म्हणत होते.

आशियाई मुलांची फ्रॅटर्निटी असली तर आपली माणसं भेटतील, असंही कुणी समजू नये. न्यूयॉर्कच्या बारुक कॉलेजमधल्या 19 वर्षांच्या एका चिनी वंशाच्या विद्यार्थ्याचा डिसेंबर 2013 मध्ये अशाच संघटनेच्या विधीत जीव गेला. डोळे बांधून, पाठीवर जड पिशवी देऊन त्याला पोरांच्या रांगेतून पाठवलं आणि पोरं त्याला धडका देऊन पाडत राहिली. तो बेशुद्ध पडल्यावरही दवाखान्यात न्यायला उशीर केला. हे घडलं पेन्सिल्व्हेनिया राज्यात, आणि पुढे 2018 मध्ये न्यायालयाने त्या संघटनेला त्या राज्यात दहा वर्षांची बंदी घातली. हे मी वाचलं नोव्हेंबरमध्ये आणि दुसऱ्या दिवशी सोडतो म्हणून सांगितलं.

तेव्हा सातवं पान पुढे आलं. दुसरं वर्ष त्यांच्याच घरात राहायचं, दोन सेमिस्टरचे 8,200 डॉलर, आणि सदस्यत्व सोडलं तरी भाडं द्यावंच लागेल. घराची मालकी वेगळ्या कंपनीकडे होती, त्यामुळे विद्यापीठाने हात वर केले. न्यू जर्सीतल्या मामाने महिनाभर पत्रव्यवहार करून ते 2,500 वर आणलं. मामाचं एकच म्हणणं होतं, "अरे, सही करण्याआधी मला एक फोन का नाही केलास?"

डिसेंबर 2024 मध्ये तिकडे देशपातळीवर रॅगिंगविरोधी कायदा झाला. त्यामुळे दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची माहिती कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर द्यावी लागते. ती आधी बघा. करार घरी आणा, एक रात्र तसाच ठेवा, कुणा जाणत्याला दाखवा. आज सही केली नाही तर जागा जाईल असं म्हणाले तर जाऊ द्या ती जागा. आणि तोंडावर विचारा, चौथ्या आठवड्यात सोडलं तर किती पैसे भरावे लागतील? उत्तर लेखी घ्या.

मी रशच्या वेळी हे विचारलं होतं. "आमच्याकडून कुणी सोडून जात नाही," असं उत्तर आलं, खांद्यावर हात पडला आणि मला ते फार आवडलं होतं.