गावचं फील्ड टेस्ट किट: काय दाखवतं आणि काय दाखवत नाही

जल जीवन मिशनमधून आमच्या ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचं किट आलंय. गावातल्या पाच महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण देतात, त्यांतली मी एक. गाव रायगडातलं, ओढा ओलांडला की एमआयडीसी.

किट हाताळायला सोपं आहे. पीएच, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, उरलेलं क्लोरीन, सगळं घरच्या ओटीवर बसून तपासता येतं. पाण्याचा कठीणपणा मोजायची चाचणी मला सगळ्यात आवडते. ट्यूबमधलं पाणी आधी कोकम सरबतासारखं लाल होतं, मग थेंब मोजत टाकायचे आणि एका थेंबाला ते निळं होऊन जातं. नायट्रेटचा गुलाबी रंग मात्र दिवसाउजेडीच कार्डाशी जुळवा. जंतूंसाठीची एचटूएस बाटली 24 ते 48 तासांत काळी पडली, तर ते पाणी तसंच प्यायचं नाही. या कामापुरते किटला पाचपैकी चार. एक गुण कापला कारण केमिकलची मुदत संपली की नवीन बाटल्या लवकर मिळत नाहीत.

तक्रार आहे ती निकालाच्या वापराबद्दल. ‘किटमध्ये पाणी ओके आलंय’ असं ग्रामसभेत कुणी म्हटलं की कारखान्यांच्या सांडपाण्याचा विषय तिथेच बंद होतो. आमच्या पेटीत शिसं, क्रोमियम, पारा, कॅडमियम यांची चाचणीच नाही. फिनॉल किंवा सॉल्व्हंट (द्रावक) अशा कारखान्यांतल्या रसायनांचीही नाही. काही जण टीडीएस मीटर बुडवून दाखवतात. तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज काढतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. टीडीएस 200 असलेल्या पाण्यात शिसं याच्या दहापट असलं, तरी मीटरवरचा आकडा हलणार नाही.

म्हणून एमआयडीसीजवळच्या गावांनी किटबरोबर प्रयोगशाळाही गाठावी: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची खासगी. मान्यता प्रत्येक चाचणीसाठी वेगळी असते, तेव्हा हव्या त्या धातूंची नावं त्यांच्या यादीत आहेत का ते बघा. बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या कडांना धरून बसतात आणि आकडा कमी येतो. सॉल्व्हंटचा नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ, आत बुडबुडा नको, आणि बर्फात ठेवून न्यायचा.

आणि ‘आढळले नाही’ एवढं वाचून थांबू नका. एका प्रयोगशाळेने शिशापुढे आम्हाला तेच लिहून दिलं होतं. शेजारच्या रकान्यात बारीक अक्षरात होतं की 0.05 च्या खालचं त्यांच्या पद्धतीत मोजलंच जात नाही. म्हणजे मर्यादेच्या चौपट शिसं असतं तरी अहवालात ‘आढळले नाही’ असंच आलं असतं. दुसरीकडे जाताना आम्ही आधी फोनवरच विचारलं, शिसं किती खालपर्यंत मोजता? 0.001 म्हणाले, तेव्हा बाटल्या मागवल्या.