जुनी रायफल घेताय? विकणाऱ्याच्या काडतुसांवर परीक्षा घेऊ नका

उत्तर ऑंटारियोत राहणारी आपली काही मराठी मंडळी कामावरच्या सोबत्यांबरोबर मूस या प्रचंड मोठ्या हरणाच्या शिकारीला जाऊ लागली आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्या बाबतीत जे घडलं त्यात पैसे गेलेच, पण डोळाही जाऊ शकला असता.

इथे २०२१ पासून मूसचा टॅग, म्हणजे एक मूस मारायची परवानगी, गुणांच्या पद्धतीने मिळतो, त्यासाठी लोक वर्षानुवर्षं गुण साठवतात. टॅग लागला की माणूस रायफलीच्या शोधात निघतो, आणि जुना माल खपवणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक असतं. त्यातून आपण भारतातले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचं ज्ञान घरातून मिळायचं थांबलं, तेही योग्यच झालं. पण बैल घेताना दात बघणारा जाणता काका सोबत असतो, तसा इथे आपल्या बाजूने कोणी नसतो.

मला .३०-०६ हे काडतूस उडवणारी रायफल हवी होती. १९०६ सालचं हे काडतूस आजही इथल्या लहानशा गावातल्या दुकानातसुद्धा मिळतं, आणि १८० ग्रेन (सुमारे १२ ग्रॅम) वजनाची, टोकाला मऊ शिसं असलेली चांगली सॉफ्ट पॉइंट गोळी पाचशे किलोच्या नरालाही पुरते. नेम हृदय-फुप्फुसांवर मात्र हवा. जास्त जोराचं काडतूस उडवणाऱ्या मोठ्या मॅग्नम रायफलीच्या मागे लागण्यापेक्षा गोळी नीट निवडावी, हे माझं ठाम मत आहे. अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांची गोळी १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसच्या अंगात खोल शिरलीच नाही, आणि त्यातूनच मधे आडपडदा असलेली पार्टिशन गोळी जन्मली.

विकणारा वयस्क, अगदी मृदू बोलणारा. त्याने माझा परवाना पाहिला, बंदुकांचे परवाने सांभाळणाऱ्या सरकारी फायरआर्म्स प्रोग्रामकडून रेफरन्स नंबर मिळवला, मगच व्यवहाराचं बोलला. मे २०२२ पासून हे बंधनकारकच आहे. इतका काटेकोर माणूस बघून विश्वास बसतो. पण ती तपासणी घेणाऱ्याच्या परवान्याची असते. रायफलीची तपासणी कोणीही करत नाही.

नळी आतून तेलाने चकाकत होती. “उडवून बघा ना,” म्हणत त्याने स्वतःच्या डब्यातली काडतुसं दिली. डबा नावाजलेल्या कंपनीचा. बार छान उडाले, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, लोण्यासारखा फिरला, गोळ्या जवळजवळ पडल्या. मी रायफल घेतली. वर त्याने त्या काडतुसांचे दोन डबे भेट म्हणून दिले.

पुढे रेंजवर मी दुकानातून आणलेली नवी काडतुसं लावली. एका बाराला चेहऱ्यावर गरम वाफेचा झोत आला. चष्मा होता म्हणून निभावलं. काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पाहिल्या तर बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं उमटलेलं, आणि एकीला तिथेच चीर.

गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, गेज (काडतुसाच्या आकाराची मापं) घातले. जे गेज आत असताना बोल्ट मिटताच कामा नये, त्याच्यावर तो सहज मिटला. म्हणजे हेडस्पेस, बोल्टच्या तोंडापासून काडतूस पुढे टेकतं तिथपर्यंतचं अंतर, फार वाढलेली. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या त्याच्या जागेत, सैल बसतं, बार उडताना पितळ ताणलं जातं आणि शेवटी फाटतं. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा होता, त्याच्यावरचा नंबर घासून काढला होता. तेल पुसल्यावर नळीत गंजाचे खड्डेही दिसले.

मग त्याच्या काडतुसांनी काहीच कसं झालं नाही? बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या मापाची होते. त्याने याच रायफलीतल्या पुंगळ्या जपून ठेवून, फक्त तोंडाशी आवळून, घरी पुन्हा भरल्या होत्या. त्या सैल चेंबरमध्ये त्या घट्ट बसत होत्या, त्यामुळे दोष झाकला गेला. भेट दिलेल्या डब्यांतल्या पुंगळ्यांच्या बुडावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे शिक्के निघाले. घरी भरलेली काडतुसं स्वतःपुरती वापरता येतात, परवान्याशिवाय विकता येत नाहीत. म्हणूनच ती ‘भेट’. हा निष्काळजीपणा नव्हता, विचारपूर्वक केलेलं काम होतं, याचा मला आजही संताप येतो.

फोन केला तर म्हणाला, जुना माल आहे, बघून घेतलात. नंतर फोन उचललाच नाही.

तेव्हा परीक्षेला बंद डब्यातली, स्वतः विकत घेतलेली फॅक्टरीची काडतुसं न्या आणि डोळ्यांवर चष्मा चढवा. रिकामी पुंगळी उचलून कडं शोधा. कागदाची क्लिप सरळ करून तिचं टोक किंचित वाकवून पुंगळीत आतून फिरवा, बुडाजवळ खाच लागली तर तिथेच थांबा. नळीतलं तेल पुसायला लावा. बोल्टवर नंबर असेल तर रायफलीच्या नंबराशी ताडा. आणि सगळं ठीक दिसलं तरी, पैसे देण्याआधी गनस्मिथकडून गेज लावून घ्यायची अट घाला. प्रामाणिक माणूस अशी अट सहसा नाकारत नाही.

नवी नळी बसवायचा खर्च जवळजवळ नव्या रायफलीइतका येत होता. कोणीतरी ‘परत विकून टाक’ असं सुचवलं. मी ती गनस्मिथकडेच मोडीत काढायला दिली.