टॉर अडवणाऱ्या साइट्सची यादी: काही महिने चालवल्यावर, आणि तो खोटारडा 200

जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), टॉरची (आपला पत्ता लपवून नेट वापरू देणाऱ्या जाळ्याची) सेवा, कर्ल (कमांड देऊन वेबपान मागवायचं साधन) आणि एक स्प्रेडशीट. टॉरवरून येणाऱ्याला कोणत्या साइट्स हाकलतात याची यादी करायला एवढं पुरतं. रिचार्जपलीकडे खर्च नाही. हाकलणं सोपं आहे, कारण एक्झिटच्या (टॉरमधून विनंती ज्या शेवटच्या सर्व्हरवरून बाहेर पडते, त्याच्या) आयपींची, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची, यादी टॉर प्रोजेक्ट स्वतःच जाहीर ठेवतो. ती फायरवॉलमध्ये टाकली की झालं.

पहिली तक्रार कर्ल दाखवतो त्या स्टेटस कोडबद्दल (साइट उत्तरासोबत जो आकडा पाठवते तो), आणि ती संपणारी नाही. 403 परवडला, सरळ नकार. 429 म्हणजे त्या आयपीवरून विनंत्या जास्त झाल्या. त्या बहुतेक त्याच एक्झिटवरच्या इतरांच्या असतात. 451 म्हणजे कायदेशीर कारण, त्याला वेगळा रकाना. पण डोकं फिरवतो तो 200. पानावर कॅप्चा (‘तुम्ही माणूस आहात का’ची चाचणी) किंवा ‘प्रवेश नाही’ची पाटी, आणि कोड मात्र 200, म्हणजे सगळं आलबेल! कोडच्या भरवशावर केलेल्या यादीत अशा साइट्स ‘चालू’ म्हणून बसतात. म्हणून कर्लच्या राइट-आउट पर्यायातून उतरलेले बाइटही घ्यायचे आणि पानाचा टायटल टॅग वेगळा काढायचा. साध्या नेटवर 80 केबीचं पान टॉरवर 5 केबीचं आलं, तर कोड काहीही असो, पान उघडून बघा.

डेटा वाचवायला फक्त हेडर मागवायचा मोह होतो. करू नका. कित्येक सर्व्हर हेड विनंतीला (फक्त हेडर मागणाऱ्या) 405 (ही पद्धत चालत नाही) किंवा 403 देतात आणि तीच साइट गेट विनंतीला (पूर्ण पान मागणाऱ्या) नीट उघडते. तसंही कर्ल चित्रं उतरवत नाही. पान सरासरी 100 केबी धरलं, तर 100 साइट्स, तीन एक्झिट आणि एकदा साधं नेट मिळून 40 एमबी. रोजच्या दीड जीबीत हे कुठच्या कुठे जातं.

कर्लची टॉरशी जोडणी सॉक्स नावाच्या प्रॉक्सीतून होते. ती करताना कर्लचा पर्याय सॉक्स5 नव्हे, सॉक्स5-होस्टनेम, पोर्ट 9050 (टॉर ब्राउझरचं 9150). नुसत्या सॉक्स5 ने डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणं) तुमच्याच मोबाइल कंपनीकडे विचारलं जातं. गुप्तता तर जातेच, शिवाय सीडीएन (साइटच्या प्रती जगभर ठेवणारी सेवा) भारतातल्या सर्व्हरचा पत्ता देतो आणि तुलनाच चुकते.

खरं कौतुक इथे. एक्झिट बदलायला सेवा बंद-चालू करावी लागत नाही. सॉक्सला दर वेळी वेगळं युजरनेम-पासवर्ड दिलं की टॉर वेगळं सर्किट (सर्व्हरांची वेगळी साखळी) वापरतो. हे मुळातच चालू असतं. तेच नाव वापरून लगेच टॉर प्रोजेक्टच्या चेक पानाला आयपी विचारला की कोणत्या एक्झिटवर नकार मिळाला ते कळतं. सर्किट साधारण 10 मिनिटं नव्या जोडण्या घेतं, त्यामुळे दोन्ही विनंत्या पाठोपाठ करा. तीन वेगळ्या देशांतल्या एक्झिटवर नकार आल्याशिवाय ‘बंद’ लिहू नका. एकाच एक्झिटवर आला तर तो आयपी बदनाम आहे, एवढंच.

कर्लला सुरुवातीला पाच तारे दिले असते, आता तीनच. काही साइट्स कर्ललाच बॉट समजून साध्या नेटवरही अडवतात. संशय आलेली नोंद टॉर ब्राउझरमध्ये बघावीच लागते, आणि तिथे सुरक्षा पातळी ‘सेफेस्ट’वर असेल तर जावास्क्रिप्ट बंद राहते आणि क्लाउडफ्लेअरची (अनेक साइट्सच्या पुढे पहारा देणाऱ्या सेवेची) तपासणी पुढेच सरकत नाही. ‘स्टँडर्ड’ ठेवा.

आता आपल्याकडची अडचण. खेड्यात लाइन गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो आणि सगळ्या साइट्स एकदम ‘बंद’ दिसायला लागतात. कर्लला कमाल वेळ 60 सेकंद द्या. वेळ संपली तर तेव्हाच दुसरी, हमखास उघडणारी साइट टॉरवरून तपासा. तीही अडली तर दोष आपला, नोंद पुसा. मोबाइल नेटवर एक आयपी शेकडो घरांत वाटला जातो, त्यामुळे टॉर नसतानाही कॅप्चा येतो. तो टॉरच्या नावावर खपवू नका.

सरकारी पोर्टलची भानगड वेगळीच. काही पोर्टल फक्त भारतातल्या आयपीला उघडतात. टॉरचे भारतातले एक्झिट मोजकेच, म्हणून नकार टॉरला की परदेशाला, ते कळत नाही. गावचा कोणी पोरगा दुबईला असेल तर त्याला साध्या फोनवर लिंक उघडायला सांगा. त्यालाही नकार मिळाला तर ‘देशबंदी’ लिहा. राजेहो, हा एक रकाना नसेल तर निम्मी भांडणं फुकटची होतात.

‘वाचता येतं, लिहिता येत नाही’ हा रकानाही हवाच. विकिपीडिया टॉरवरून वाचता येतो, संपादन अडवलेलं असतं.

क्लाउडफ्लेअरच्या नकाराच्या पानावर तळाशी रे आयडी (त्या विनंतीचा ओळख क्रमांक) असतो. तो आणि यूटीसी वेळ नोंदवून साइटवाल्याला त्याच दिवशी मेल करा, कारण लॉग फार दिवस टिकत नाहीत. क्लाउडफ्लेअर टॉरला ‘टी1’ नावाचा देश मानतो, त्यामुळे मालकाला फक्त टॉरसाठी वेगळा नियम करता येतो. हे मेलमध्ये स्पष्ट लिहा, बऱ्याच मालकांना ते ठाऊक नसतं. मेलची तारीखही नोंदीसमोर टाका. पुढच्या फेरीत साइट उघडली तर ती मेलनंतर उघडली की आधीच, ते यादीतच दिसेल.