गाबोळी म्हणून मिळालेली पिशवी : एका मासळीच्या दुकानाचा अनुभव

रंकाळ्याच्या बाजूच्या एका मासळीच्या दुकानातून गेल्या रविवारी समुद्री खेकडे आणले. कोकणातून घाट चढून आलेला माल येथे ताजा असतो, वजन चोख असते आणि साफ करून देण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. तक्रार आहे ती एकाच खेकड्याविषयी. त्याच्या पोटाच्या झाकणाखाली पिवळसर गोळा होता. ‘‘ताई, गाबोळी आहे,’’ असे सांगून दुकानदाराने तो मादीच्या चढ्या दराने दिला.

घरी दिव्याखाली पाहिले, तर अंड्यांच्या पुंजक्याचे दाणे कुठेच नव्हते. होती ती आखूड देठाने चिकटलेली गुळगुळीत पिशवी. हे लक्षण सॅक्युलिनासारख्या परजीवीचे. १८३६ साली वर्णन झालेला हा जीव स्वतःही कवचधारीच, खडकाला चिकटणाऱ्या बार्नेकलचा नातलग. त्याची मादी अळी खेकड्याच्या अंगात पेशी सोडते, त्यांचे मुळांसारखे धागे आतून पसरत जातात, खेकडा वांझ होतो, आणि तो नर असला तरी त्याचे पोट मादीसारखे रुंद होऊन तो त्या पिशवीची स्वतःच्या अंड्यांप्रमाणे निगा राखतो. म्हणजे मादीच्या दरात आम्ही कदाचित नरच आणला!

हा परजीवी माणसाच्या अंगात जगत नाही, त्यामुळे पिशवी काढून बाकीच्यांबरोबर त्याचाही रस्सा केला. मांस मात्र कमीच निघाले. दुसऱ्या दिवशी पिशवीचा फोटो दाखवूनही दुकानदाराने फरकाचे पैसे दिले नाहीत. ताजेपणासाठी पाचपैकी चार गुण, व्यवहारासाठी दोन.